आपल्या गावचा वर्डकॅम्प : प्रस्तावना

वर्डप्रेस रोज वापरणाऱ्या बहुतेकांना आपण ते वापरतो आहोत हे ठाऊकच नसतं. सकाळी मोबाइलवर वाचलेली बातमी, कोकणातल्या एखाद्या घरगुती खानावळीचं संकेतस्थळ, कुणा कवीचा ब्लॉग, शाळेच्या प्रवेशाची सूचना... जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी साधारण चार याच सॉफ्टवेअरवर उभी आहेत. ही पुस्तिका मात्र ते शिकवण्यासाठी लिहिलेली नाही. त्यासाठी भरपूर साहित्य आहे आणि बरंचसं फुकट आहे. हे सॉफ्टवेअर बनवणारी, त्यावर पोट भरणारी आणि नुसतीच त्याच्या नादी लागलेली माणसं वर्षातून एखाद्या रविवारी एका सभागृहात जमतात, त्याला वर्डकॅम्प म्हणतात. तो आपल्या गावात भरवायचा तर काय काय करावं लागतं, हे भरवणाऱ्यांनीच पुढच्या पानांत सांगितलं आहे. प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं ते बहुधा मंडळींत मी वयानं मोठा म्हणून.

गोष्ट २००३ सालची आहे. बीटू किंवा कॅफेलॉग नावाचं एक छोटं ब्लॉगिंगचं सॉफ्टवेअर होतं. मिशेल वाल्द्रिगी यांनी ते लिहिलं होतं, आणि मग त्यांच्याकडून काही हालचाल होईना. ह्यूस्टनमधला मॅट मुलेनवेग नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी ते वापरत असे. जानेवारीत त्यानं आपल्या ब्लॉगवर लिहिलं, की हे असंच पडून राहणार असेल तर यावरून नवं काही करायला हवं. इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटल यांनी खाली प्रतिसाद दिला : मनावर घेणार असलास तर मी मदतीला आहे. इतकंच. बीटूचा परवाना जीपीएल असल्यामुळे मूळ लेखकाला न शोधता, न विचारता त्याचा कोड पुढे नेता येत होता. २७ मे २००३ ला वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. (त्याच महिन्याच्या १ तारखेला, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला होता. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्या पिढीच्या मराठी लिहिणाऱ्यांना तो महिना लक्षात राहावा असा आहे.)

म्हणजे ज्या कामाचा पायाच एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन माणसांनी घातला, त्या कामात पुढे हजारो लोक आले, तेही तसेच. नाव ठाऊक, कोड ठाऊक, स्वभावसुद्धा थोडाफार ठाऊक. चेहरा मात्र नाही. अशांना एकदा तरी समोरासमोर बसावंसं वाटणं साहजिक होतं. ऑगस्ट २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मुलेनवेगनं ते घडवून आणलं. नमुना तयार होता. टिम ओरायली यांच्या फू कॅम्प या मेळाव्याला फक्त आमंत्रितांनाच प्रवेश असे. त्याला उत्तर म्हणून २००५ च्या ऑगस्टमध्ये पालो आल्टोत काही जणांनी बारकॅम्प भरवला होता. कुणीही यावं, फळ्यावर आपला विषय लिहावा आणि बोलावं. वर्डकॅम्पनं ही मोकळीक उचलली आणि तिला थोडी शिस्त लावली. २००७ मध्ये बीजिंगला, २००९ च्या फेब्रुवारीत दिल्लीला, असं करत करत आजवर साठाहून अधिक देशांत मिळून हजारावर वर्डकॅम्प झाले आहेत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर या शहरांनी ते भरवले. अख्ख्या आशिया खंडाचा मिळून असा पहिला वर्डकॅम्प बँकॉकला २०२० च्या फेब्रुवारीत व्हायचा होता. लोकांनी विमानाची तिकिटं काढली होती, आणि करोनानं तो ऐनवेळी रद्द झाला. पुढे २०२३ ला तो बँकॉकलाच झाला, मग तैपेई, मग मनिला. आणि २०२६ च्या एप्रिलसाठी मुंबईचं नाव पुकारलं गेलं.

इतिहास इथे थांबवतो, कारण मला बोलायचं आहे ते व्यासपीठाबद्दल.

सभा-संमेलनं भरवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. ग्रंथकारांचं पहिलं संमेलन १८७८ ला पुण्यातच भरलं. वर्गणी गोळा करणं, मांडव घालणं, पाचशे पानं उठवणं हे गल्लीतल्या कोणत्याही मंडळाच्या पोरांना झोपेत जमतं. अडचण आहे ती वेगळीच. समारंभ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र येतं : स्वागतगीत, दीपप्रज्वलन, मान्यवरांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय समारोप. मधे कुठेतरी ज्यासाठी लोक आले ती गोष्ट उरकली जाते. वर्डकॅम्पमध्ये यातलं जवळजवळ काहीच नसतं. अध्यक्ष नसतो. उद्घाटक नसतो. दहाला सुरू म्हणजे दहाला कुणीतरी माइक हातात घेतो, स्वच्छतागृह कुठे आणि जेवण किती वाजता ते सांगतो, आणि पहिली वक्ती उभी राहते.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. सभागृह बहुतेक वेळा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं मिळतं, कारण हॉटेलांचे दर परवडत नाहीत आणि महाविद्यालयात प्रोजेक्टर, जनरेटर, भरपूर खोल्या आणि उत्साही मुलं सगळं एका आवारात असतं. भाडं माफ होतं किंवा नाममात्र लागतं. मग कार्यक्रमाच्या चार दिवस आधी विभागप्रमुखांचा फोन येतो. प्राचार्य सर दोन शब्द बोलतील. संस्थेचे सचिवही येणार आहेत. समई आमच्याकडे आहे, तेल-वात तेवढी तुम्ही आणा. आता नाही म्हणायचं कसं? दोन शब्दांची पंचवीस मिनिटं होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस मिनिटं म्हणजे एक अख्खं सत्र, आणि ते सत्र असतं नेमकं त्या मुलीचं, जी आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहणार असते आणि रात्रभर स्लाइड घोटवत बसलेली असते. या पुस्तिकेतलं ‘जागा’ हे प्रकरण त्यासाठी नीट वाचा. तोडगा साधा आहे, पण तो जागा ठरवतानाच काढावा लागतो. आमच्याकडे सगळ्यांना समान वेळ आणि समान खुर्ची असते, हे पहिल्याच भेटीत पत्रात लिहून द्यायचं, आणि सरांना प्रेक्षकांत पुढच्या रांगेत मानानं बसवायचं. बहुतेक सर मंडळी समजून घेतात. काही तर जेवणापर्यंत थांबतात आणि शंका विचारतात.

दुसरं संकट प्रायोजकांचं. पैसे त्यांच्याकडूनच येतात, यात लपवण्यासारखं काही नाही. तिकीट मुद्दाम स्वस्त ठेवायचं असतं, विद्यार्थ्याला खिशाकडे बघायला लागू नये इतकं. त्यात जेवण, चहा आणि टी-शर्ट असं सगळं बसवायचं तर उरलेला खर्च होस्टिंग कंपन्या, थीम आणि प्लगिन विकणारे, मोठ्या एजन्सीज हेच उचलतात. बदल्यात त्यांना आवारात टेबल मिळतं, फलकावर नाव मिळतं, जाहीर आभार मिळतात. भाषण मिळत नाही. वर्डकॅम्पच्या नियमांत हा नियम सर्वांत मोलाचा, असं माझं मत आहे. व्यासपीठ विकत मिळत नाही. वक्ते येतात ते अर्ज करून, निवड होऊन; त्यांना मानधन नसतं, प्रवासखर्चही सहसा नसतो, आणि आपला माल खपवण्याची परवानगी नसते. आयोजकही बिनपगारी. खर्च भागवून काही उरलं तरी ते कुणाच्या खिशात जात नाही.

वर आणखी एक अट आहे, जी ऐकल्यावर नवे लोक बुचकळ्यात पडतात. वर्डप्रेससाठी जे काही बनवून तुम्ही वाटता किंवा विकता, तेही जीपीएलच्या बरहुकूम असलं पाहिजे. नसेल तर तुम्हाला वक्ता, प्रायोजक वा आयोजक होता येत नाही. कडक वाटतं खरं. पण बीटूचा परवाना तसा नसता तर स्टॉकपोर्टहून आलेल्या त्या प्रतिसादाचं काहीच होऊ शकलं नसतं, हे आठवलं की तो कडकपणा पटतो. ज्या दारातून आपण आलो ते मागच्यांसाठी उघडं ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आयोजनाचं नेतृत्व एकाच माणसाकडे सलग दोन वर्षांपेक्षा जास्त राहू नये, असाही संकेत आहे. आमच्या पेठेतल्या मंडळाच्या तहहयात अध्यक्षांना मी हा संकेत एकदा ऐकवला होता. त्यांनी विषय बदलला.

तारीख हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत कमी लेखला जाणारा भाग. परदेशातून येणाऱ्या मार्गदर्शिकेत लिहिलेलं असतं, की मोठ्या सणांच्या तारखा टाळा. वाचून हसू येतं. आपल्याकडे कालनिर्णय उघडून बसल्याशिवाय तारीख ठरत नाही. लग्नाची तिथी दाट असेल तर केटरर मिळत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत पुण्यात गाडी हलत नाही. पावसाळ्यात नाशिकहून मुंबईला येणारा कसाऱ्याला अडकतो. मे महिन्यात नागपूरला कुणी येत नाही आणि आलं तरी उपकार केल्यासारखं येतं. स्पर्धा परीक्षा रविवारीच असतात आणि त्यांचं केंद्र नेमकं तुमचं महाविद्यालय असतं. आणि एवढं सगळं पार करून मोकळा रविवार सापडला, की कुणीतरी सांगतं, त्या दिवशी संकष्टी आहे. हे गंमत म्हणून सांगत नाही. संकष्टीला दोनशे पानांतल्या पंचवीस-तीस जणांना साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी लागते, आणि हे केटररला आदल्या रात्री सांगून चालत नाही. जैन जेवण वेगळं. तिकीट काढतानाच हे विचारून घेण्याची सोय नोंदणीच्या अर्जात असते, ती वापरावी.

जेवणाबद्दल पुस्तिकेत एक पूर्ण प्रकरण आहे आणि संपादनाच्या वेळी ते कमी करावं, अशी सूचना आली होती. मी विरोध केला. वर्डकॅम्पमध्ये जे घडायचं ते बरंचसं जेवणाच्या रांगेत घडतं. सत्रं पुढे वर्डप्रेस डॉट टीव्हीवर कुणालाही पाहता येतात, त्यासाठी सांगलीहून पहाटेची एसटी पकडून यायची गरज नाही. पण ताटात वरण घेताना शेजारच्याला ‘तुम्ही काय करता?’ विचारलं, आणि तो म्हणाला की ज्या प्लगिननं गेला आठवडाभर तुमची झोप उडवली आहे ते त्याच्या टीमनं लिहिलं आहे, हे रांगेतच होतं. यासाठी जेवणाला तासापेक्षा कमी वेळ देऊ नका, आणि जेवण वाढायची टेबलं एका ओळीत न लावता दोन्ही बाजूंनी घेता येईल अशी लावा. एका बाजूच्या रांगेत निम्मा वेळ जातो आणि माणसं भुकेनं चिडकी होतात. बसायला खुर्च्या थोड्या कमीच असाव्यात. उभ्यानं जेवणारा माणूस जास्त लोकांशी बोलतो. हे माझं मत आहे. गुडघे दुखणाऱ्या सहआयोजकांचं वेगळं आहे आणि तेही पुस्तिकेत छापलं आहे.

टी-शर्टबद्दल एकच सांगतो. मोठी मापं पहिल्या तासात संपतात.

आता थोडं कडू. पहिल्या उत्साहात बऱ्याच गावांत असं होतं, की तीन-चार मित्र परगावचा वर्डकॅम्प पाहून येतात आणि परतीच्या रेल्वेतच आपल्या गावच्या वर्डकॅम्पचं बोधचिन्ह काढायला घेतात. वापू नावाचा तो गोंडस पिवळा प्राणी, जपानमध्ये २०११ साली चितारलेला, सगळ्यांना माहीत असतो. त्याला फेटा बांधायचा की कोल्हापुरी चपला घालायच्या यावर चर्चा रंगते. त्या गावात दर महिन्याला भेटणारा दहा माणसांचासुद्धा गट नसतो. वर्डकॅम्पला परवानगी देणारी मध्यवर्ती व्यवस्था आधी हेच विचारते : तुमच्याकडे मासिक मीटअप होतो का, किती दिवस होतो, त्यात कोण बोलतं? काही जणांना ही अडवणूक वाटते. मला वाटत नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी ऑफिसात, वडापाव आणि कटिंगवर, आठ माणसांसमोर जो बोलला तोच पुढे दोनशे माणसांसमोर बोलू शकतो. ज्यानं त्या आठांच्या खुर्च्या मांडल्या आणि नंतर उचलल्या, तो आयोजक. मोठ्या दिवसाची सगळी भरती त्या छोट्या शनिवारांतून होते. ते नसतील तर वर्डकॅम्प म्हणजे एका इव्हेंट कंपनीला दिलेलं कंत्राट. तसे कार्यक्रम होतात, चांगले होतात, पण दुसऱ्या वर्षी होत नाहीत.

बऱ्याच ठिकाणी भाषणांच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी योगदान दिवस असतो. त्या दिवशी कुणी बोलत नाही. टेबलांवर पाट्या असतात : मूळ कोड, दस्तऐवज, भाषांतर, छायाचित्रं, मदतकेंद्र. तुम्हाला जमेल त्या टेबलाशी बसायचं. मराठी माणसानं भाषांतराच्या टेबलाशी बसून पाहावं. पडद्यावर इंग्रजी वाक्यांची लांब यादी असते, समोर रिकामी चौकट. वाक्याच्या पोटात मधूनच टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर दिसतं. तिथे नंतर कुणाचं तरी नाव किंवा आकडा येऊन बसणार असतो. नवखा माणूस ते चुकीचं समजून खोडतो, आणि शेजारी बसलेली अनुभवी बाई त्याच्याकडे न बघताच म्हणते, ‘ते ठेव.’ तुम्ही लिहिलेलं लगेच कुठे झळकत नाही. संपादकानं मंजूर करेपर्यंत प्रतीक्षेत राहतं. पण मंजूर झालं, की पुढच्या अद्ययावतीकरणानंतर धुळ्यातल्या एखाद्या शिक्षिकेच्या पडद्यावर ते वाक्य मराठीत येतं. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही इथे खरंखुरं काम मिळतं, आणि भाषणं ऐकून न उमगलेली गोष्ट, हे सगळं कुणीतरी आपल्यासारख्यानंच केलेलं आहे, ती या टेबलाशी उमगते.

व्यासपीठाचा विषय काढला आहे तर एक जुनी आठवण करून द्यायला हवी. १८८५ च्या ग्रंथकारसभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. ज्यांच्या सुखदुःखाला तुमच्या सभेत आणि पुस्तकांत जागा नाही, त्यांनी तिथे का यावं, असा त्या पत्राचा रोख होता. पहिलं संमेलन होऊन सात वर्षं झाली होती, आणि इतक्या लवकर, इतक्या स्पष्टपणे कुणीतरी विचारलं होतं की सभागृहात कोण नाही. दरवाजा उघडा ठेवला म्हणजे सगळे आत येतात असं नसतं, हे आम्ही वर्डकॅम्पवाले जरा उशिरा शिकतो. वक्त्यांची यादी लावून पाहा : सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे इंग्रजीतून, बहुतेक पुरुष, आणि आडनावांवरूनही बरंच कळतं. अर्ज मागवले होते, ज्यांनी केले त्यांतून निवडले, हे उत्तर खरं असतं आणि अपुरं असतं. लातूरच्या डिप्लोमाच्या मुलाला अर्ज करायचं सुचतच नाही, कारण इंग्रजीत तीनशे शब्दांचा गोषवारा लिहायचा या अटीपाशीच तो थांबतो. गोषवारा मराठीत चालेल, भाषण मराठीत चालेल, हे अर्जावर ठळक लिहा. त्याला फोन करा. ‘वक्ते’ या प्रकरणात पहिल्यांदा बोलणाऱ्यांसाठी सराव कसा घ्यावा ते तपशिलात दिलं आहे.

आणि एक गोष्ट अशी, की जिच्याबद्दल गप्प राहून ही प्रस्तावना पुरी करता आली असती. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्टलंडला भरलेल्या अमेरिकेच्या वर्डकॅम्पमध्ये खुद्द मुलेनवेग यांनी व्यासपीठावरून डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर टीका केली. ती कंपनी त्याच संमेलनाची प्रायोजक होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनी त्यांच्यावर आणि त्यांच्या ऑटोमॅटिक या कंपनीवर दावा लावून कोर्टात गेली. कोण बरोबर, कोण चूक, यात इथे शिरत नाही; परिणाम सांगतो. गावोगावच्या आयोजकांना एकाएकी कळलं, की कोड सर्वांचा असला तरी नाव सर्वांचं नाही. ‘वर्डप्रेस’ आणि ‘वर्डकॅम्प’ ही नावं २०१० साली स्थापन झालेल्या एका प्रतिष्ठानाच्या हाती आहेत. तुमच्या संमेलनाची परवानगी, अंदाजपत्रकाची तपासणी, संकेतस्थळाचा पत्ता हे सगळं वरून येतं. जीपीएल तुम्हाला कोड घेऊन वेगळं निघायची मुभा देतो. वर्डकॅम्प घेऊन वेगळं निघता येत नाही.

यावर आमच्यात एकमत नाही. काहींनी काम सोडलं. काहींचं म्हणणं, नाव गेलं तर जाऊ दे, दुसऱ्या शनिवारची भेट कुणाच्या परवानगीनं होत नाही. मी या दुसऱ्या बाजूचा. म्हणूनच या पुस्तिकेत जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं, जागा, जेवण, वक्त्यांचा सराव, पैशाचा उघडा हिशेब, वर्डप्रेस हा शब्द काढून टाकला तरी उपयोगी पडेल, अशा बेतानं लिहून घेतलं. पायथॉनवाल्यांनी वापरावं, विकिपीडियावाल्यांनी वापरावं.

शेवटी वापरण्याच्या काही सूचना. प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. मात्र ‘अंदाजपत्रक’ आधी वाचा, कारण प्रायोजकाला पाठवायच्या पहिल्या पत्रातच जीएसटीचं बिल कोण देणार ते लिहावं लागतं, आणि तिथे अडलं की दोन महिने जातात. कामांची वाटणी दाखवणारा तक्ता मागच्या पानांवर आहे. त्याच्या प्रती काढा आणि प्रत्येक कामापुढे दोन नावं लिहा, कारण ऐनवेळी कुणाच्या तरी घरी लग्न निघतंच. सभागृहाचे, जेवणाचे आणि छपाईचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. छापून होईपर्यंत ते बदलतात. केटररला फोन करताना ‘कॉन्फरन्स’ म्हणू नका, दर वाढतो. ‘घरगुती कार्यक्रम आहे, दोनशे पानं’ असं म्हणा.